वापरात नसलेलं कुलूप

१

हिनर्क लुडर्सची सकाळ ठरलेली होती. खाली उतरून बेकरीतून पाव आणायचे, कॉफी ठेवायची आणि मग टेल्झे कुठे आहे ते बघायचं. बायको स्वयंपाकघरात दिसली तर दिवस बरा. मागच्या छोट्या खोलीचं दार लागलेलं दिसलं, तर कॉफी गार होणार हे नक्की.

मागची खोली पूर्वी एका खलाशाला भाड्याने दिलेली होती. माणूस संशयी. त्याने स्वतःच्या खर्चाने दाराला पितळी सिलिंडरचं कुलूप बसवून घेतलं, जसं रस्त्यावरच्या दाराला असतं तसं. पुढे एका जहाजावर गेला तो गेलाच. कुलूप आणि त्याची एकुलती एक किल्ली मागे राहिली. ती किल्ली आता टेल्झेच्या गळ्यात दोरीला असायची. ती आत जायची, आतून कुलूप लावायची, किल्ली झग्यात टाकायची, आणि मग किल्ली कशाशी खातात हे विसरायची.

"टेल्झे, किल्ली लाव."

"कसली किल्ली?"

"गळ्यातली."

"गळ्यात माझी माळ आहे. माळेनं कुठं दार उघडतं? म्हातारा झालास तू."

एकदा ती आत जाऊन बसली आणि उत्तरच देईना, तेव्हा अग्निशामक दलाची माणसं बोलवावी लागली. त्यांनी चौकटीसकट दार उचकटलं. टेल्झे आत खुर्चीवर नीट बसलेली, उजवी मूठ घट्ट आवळून. मुलगी आंट्ये ब्रेमेनहून आली, तुटकी चौकट बघितली आणि अंगातला कोट न काढताच बोलली, "बाबा, पुन्हा दार फोडायची वेळ आली ना, तर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. मी जागा बघून ठेवलीय. तुझ्याशी भांडायला मला वेळ नाही."

हिनर्क भांडला नाही. त्याने चौकट नीट करून घेतली आणि कुलूप काढून टाकलं. तर टेल्झे दाराला पाठ लावून जमिनीवर बसली, कुलपाच्या रिकाम्या भोकात बोटं खुपसून. जेवेना, झोपेना. झक मारत त्याने तेच कुलूप परत बसवलं. नवं बसवून बघितलं, ते तिने हात लावताच ओळखलं. ती आंघोळीला गेली तेव्हा किल्ली पळवून दुकानात नेली, तर दुकानदार म्हणाला, या घाटाची कोरी किल्ली आता मिळत नाही.

राहिला एकच रस्ता. किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकायचं. दाराला ओरखडा न पाडता, आणि आंट्येला कळायच्या आत.

२

शिकायचं म्हणजे कुठे? हिनर्क चौदाव्या वर्षी शाळा सोडून बंदरात लागलेला माणूस. जन्म क्रेन चालवण्यात गेला. तो वाचनालयात गेला, तिथल्या पोरीने त्याला एक जाडजूड पुस्तक दिलं. अर्धं पुस्तक कुलपाच्या इतिहासावर. उरलेल्या अर्ध्यात आकृत्या, बाण, आणि बाणांवर आकडे. लिहिणाऱ्याने आयुष्यात स्वतःच्या घराचं दार तरी उघडलं होतं की नाही, शंका यावी.

मग आंट्येने टाकून दिलेल्या टॅबवर त्याने व्हिडिओ बघितले. तिथे नुसते हात दिसायचे. तोंड कोणी दाखवत नाही, बडबड मात्र तोंडभर. पहिली पाच मिनिटं आभार, शेवटची पाच मिनिटं भीक. मधल्या वेळात कुलूप उघडून मोकळं. कसं उघडलं, ते त्या हातांना ठाऊक. एकाने सांगितलं म्हणून त्याने टपालाने पारदर्शक कुलूप मागवलं, आतल्या पिना वरखाली होताना दिसतात असलं. ते पहिल्याच दिवशी उघडलं. पण ते उघडलं डोळ्यांनी. डोळे मिटले की हाताला काही कळेना.

शेवटी वाचनालयातल्या त्याच पोरीने क्लबचा पत्ता दिला. महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी, वस्तीच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत. लांब टेबलं, टेबलांना वस्तू घट्ट पकडणारे व्हाइस लावलेले, व्हाइसमध्ये कुलपं, आणि त्यांच्यावर वाकलेली माणसं. वकील, नर्स, बसचा ड्रायव्हर. सगळे एकमेकांना अरे-तुरे करत होते. हिनर्कला ते मुळीच आवडलं नाही.

क्लबची प्रमुख गेसा. साठीची, ठेंगणी, पूर्वी नकली दात बनवायची. तिने त्याला हातात धरायला दोन वस्तू दिल्या, एक वाकडी पट्टी आणि एक बारीक आकडा, आणि आधी नियम ऐकवले.

"जे कुलूप तुझं नाही ते उघडायचं नाही. आणि जे वापरात आहे ते उघडायचं नाही, तुझं असलं तरी."

"वापरात म्हणजे?"

"दारावर बसलेलं. आत काही मोडलं, तर माणूस अडकतो."

"आणि माणूस आधीच अडकलेला असला तर?"

गेसाने चष्म्यावरून बघितलं. "तू कशासाठी आलायस, हिनर्क?"

"वेळ जात नाही," तो म्हणाला.

गेसाने त्याला पट्टीने हलका ताण द्यायला शिकवलं. पट्टीने कुलपाचा गाभा, म्हणजे किल्लीबरोबर फिरतो तो भाग, फिरवू बघायचं, आणि आकड्याने चाचपायचं की कुठली पिन त्याला अडवतेय. ती हलकेच उचलायची. बसली की दुसरी शोधायची. जोर करायचा नाही. क्रेन चालवणाऱ्याला लांब दोराच्या टोकाचं वजन हातात कळतं, तसलंच काम हे. तासाभरात तिने जे शिकवलं ते त्या जाडजूड पुस्तकात नव्हतं.

निघताना तिने एक लाकडी पेटी पुढे केली. सरावाची कुलपं. एक घ्यायचं, आपलं एक टाकायचं. ज्याने टाकलं त्याच्या नावाची चिठ्ठी प्रत्येकाला बांधलेली. परत आणताना अट एकच, सगळ्यांसमोर उघडायचं, खोलायचं आणि आतल्या पिना ताटलीत मांडून दाखवायच्या. फुकट फुशारकी चालत नव्हती तिथे.

हिनर्कने बरोबर आणलेलं पारदर्शक कुलूप टाकलं, तळाशी हात घातला आणि लागलं ते उचललं. पितळेचं, अंगठ्याएवढं, आकाराच्या मानाने जड. त्याला चिठ्ठी नव्हती. त्याने ते खिशात टाकलं.

३

स्वयंपाकघराच्या टेबलाला त्याने व्हाइस लावला. टेल्झे मागच्या खोलीत होती, दार लागलेलं. आज तिच्या दाराशी झटापट नको, आधी हात बसू दे, असं त्याने ठरवलं.

पट्टी लावली, ताण दिला, आकडा आत सारला. पिना पाच. कुलपाच्या तोंडाकडून मोजत गेलं तर पाचवी, सगळ्यात आतली, नरम. पहिली थोडी कुरकुरणारी. दुसरी आणि चौथी मध्यम. तिसरी हटवादी. सगळ्या बसल्या तरी तिसरी बसत नव्हती. त्याने पट्टी सैल केली, पुन्हा धरली. एक गोष्ट त्याला विचित्र वाटली. सैल सोडल्यावर पिना खटकन खाली येतात, गेसाच्या कुलपात आल्या होत्या. इथे त्या सावकाश आल्या. आवाज न करता.

तेल जास्त असेल, त्याने मनाशी म्हटलं.

कॉफी दोनदा गार झाल्यावर तिसरी हलली. गाभा फिरला. तेवढ्यात मागच्या खोलीतून टेल्झेचा आवाज आला.

"कोण आलं?"

"कोणी नाही."

"मग दार लाव. वारं येतंय."

खिडक्या बंद होत्या. टेल्झे असलं काहीबाही बोलायचीच. हिनर्कने गाभा उलटा फिरवून जागेवर आणला. पिना एकेक करून परत बसल्या, जणू आधी चाचपून मगच.

"लावलं," तो ओरडला.



४

दोन-तीन आठवड्यांत त्याचा हात तयार झाला. पुस्तक परत केलं, टॅब कपाटावर टाकला. या चिठ्ठी नसलेल्या कुलपासारखा मास्तर त्याला सापडला नव्हता. ते कंटाळायचं नाही आणि बडबडायचंही नाही. आज जमलं म्हणून उद्या सोपं जायचं नाही. ताण जरा जास्त झाला की सगळ्या पिना एकदम आवळायच्या, आणि त्याने हात हलका केला की त्याही सैलावायच्या. पितळ नेहमी कोमट असायचं. टेबलावर दिवा होता, दिव्याने तापत असणार.

टेल्झेच्या दाराचं कुलूप आता त्याला खेळण्यासारखं वाटायचं. ती आत अडकली की तो गुडघ्याखाली उशी घेऊन बसायचा आणि ती "कोण कुरतडतंय रे?" म्हणेपर्यंत दार उघडलेलं असायचं. नियम मोडत होता, पण गेसा काही बघायला येत नव्हती. आंट्येचा फोन आला की तो सांगायचा, "सगळं ठीक. दार? दाराला काय धाड भरलीय?"

टेबलावरचं कुलूप उघडलं की मात्र टेल्झे दर वेळी विचारायची. घरात कुठेही असो. न्हाणीघरात असो, झोपेत असो. "कोण आलं?" गाभा फिरायला आवाज होतो, तो तिला ऐकू जात असावा. एरवी तिला दारावरची घंटा ऐकू जायची नाही.

मग तिच्या हातून कप पडला. उजव्या हाताची करंगळी सरळ झाली होती, वाकेना. काही दिवसांनी अंगठाही तसाच. डॉक्टरने बोटं दाबली, सुईने टोचून बघितलं आणि म्हणाला, या वयात नसा दमतात. टेल्झे त्याला म्हणाली, "दमणारच. सारखं कोणीतरी सोडवतंय." डॉक्टर हसला. हिनर्कही हसला.

कुलपाची पाचवी पिन आता आकडा टेकताच बसत होती. पहिलीत जीवच राहिला नव्हता. स्प्रिंगा झिजतात. इतक्यांदा उघडल्यावर झिजणारच. महिना संपत आला तेव्हा दुसरी आणि चौथीही गेली. टेल्झे आता काटा-चमचा डाव्या हाताने धरायची. उजव्या हाताचं एक मधलं बोट तेवढं वाकलेलं राहायचं, गळासारखं.

हिनर्कने दोन्ही गोष्टी पाहिल्या होत्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून बघायचं काही त्याला कारण नव्हतं.

५

शनिवारी त्याने शेजारणीला टेल्झेजवळ बसवलं आणि तो क्लबात गेला. कुलूप व्हाइसमध्ये लावलं. माणसं भोवती जमली.

"म्हाताऱ्याला महिना लागला," बसड्रायव्हर म्हणाला.

"तुला बस लावायला लागतो तेवढाच," हिनर्क म्हणाला.

चार पिना नुसत्या स्पर्शाने बसल्या. तिसरीने मात्र छळलं. इतकं पूर्वी कधी छळलं नव्हतं. बसायची, निसटायची, पुन्हा आवळायची. सगळ्यांसमोर हसं नको म्हणून, गेसाने नको म्हटलेलं असताना, त्याने थोडा जोर केला. तिसरी गेली. गाभा फिरला.

टाळ्या पडल्या. आता खोलायचं. त्याने मागची कडी काढली आणि गाभा बाहेर ढकलत त्याच्या मागोमाग तेवढ्याच जाडीची दांडी सारली, म्हणजे पिना उडत नाहीत. ताटलीवर कुलूप उलटं धरलं आणि दांडी काढली.

काही पडलं नाही.

"सांडल्यास वाटतं," नर्स म्हणाली आणि टेबलाखाली वाकली. सगळेच वाकले. फरशी स्वच्छ होती. गेसाने कुलूप दिव्याखाली धरलं आणि पाचही भोकांतून तार फिरवली. आत पितळ नवंकोरं चमकत होतं. पिनांचा ओरखडा नाही, स्प्रिंग टेकल्याची खूण नाही. त्या भोकांत कधी काही घातलंच गेलं नव्हतं.

गेसाने गाभा परत बसवला. पट्टीचं टोक लावताच तो गरगर फिरला. हिनर्कने लावली, तसाच फिरला.

"नाटक झकास केलंस," वकील म्हणाला. लोक हसत आपापल्या टेबलांकडे गेले.

गेसा हसली नाही. तिने हिनर्कची पट्टी उचलून डोळ्यांसमोर धरली. पट्टी वाकली होती.

"मी बघत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "रिकाम्या कुलपात पट्टी वाकत नाही. ताण घ्यायला समोर काहीतरी लागतं."

"माझे हात थरथरतात."

"असतील. हे पेटीत नको, हिनर्क. घरी ने आणि बंद करून ठेव."

"बंद काय करू? आत काही नाहीये. आणि ते कुठल्या दारावर नाही, म्हणजे वापरात नाही. नियम तुझाच आहे."

गेसाने पेटीचं झाकण लावलं. "नियम केला तेव्हा असलं कुलूप बघितलं नव्हतं मी," ती म्हणाली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेली.

हिनर्कने कुलूप कोटाच्या खिशात टाकलं. उघडं ते उघडंच. घरी तो दर वेळी गाभा फिरवून जागेवर आणायचा. आज त्याला ते सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी रिकाम्या पितळाला कोण कुलूप लावत बसतं?

६

घरी आला तर आंट्ये आलेली. शेजारणीला तिने पाठवून दिलं होतं. टेबलावर मनुकांचा केक, कॉफी, पांढरा टेबलक्लॉथ. टेल्झे खुर्चीत बसली होती. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

"बाबा, मी आल्यापासून आई तिकडे फिरकली नाही," आंट्ये म्हणाली. ती खूश होती. "दार लावायचं नावही नाही. औषध बदललंस का?"

"नाही."

"मग आपोआप सुटलं म्हणायचं. बरं झालं. वृद्धाश्रमाची जागा मी दुसऱ्या कोणाला देऊ देते. तू जिंकलास, जा."

हेच तर त्याला हवं होतं. त्याने केक खाल्ला. टेल्झेचा उजवा हात तिच्या मांडीवर उताणा पडला होता. पाचही बोटं सरळ. मधलंसुद्धा.

आंट्ये गाडीसाठी निघून गेल्यावर तो टेल्झेसमोर बसला.

"हाताला काय झालं?"

"सुटलं," टेल्झे म्हणाली. आवाज स्वच्छ होता, बऱ्याच दिवसांत असा नव्हता. "जेवणानंतर. एक बोट राहिलं होतं. त्याच्यावर किती धरणार? आणि आज तू ओढलंस."

"मी कशाला ओढेन?"

"मला काय माहीत कशाला. मी धरून ठेवायची, तू सोडवायचास. मी म्हणायची दार लाव, तू म्हणायचास लावलं."

"कुठलं दार, टेल्झे?"

मूर्ख माणसाकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे बघितलं. मग मान वळवून मागच्या खोलीकडे. तिथे इस्त्रीचं टेबल, एक खुर्ची, अंगणाकडची खिडकी. ऊन आत आलं होतं. इथून सगळी खोली दिसत होती आणि तिच्यात काही नव्हतं. तरी हिनर्कला उठून ते दार लोटावंसं वाटलं, आणि तिकडे जावंसं वाटलं नाही.

म्हातारीचं डोकं फिरलंय, त्याने मनाशी म्हटलं. माझंही फिरेल. त्याने खिशातून कुलूप काढलं. ते गार होतं. आजवर कधी नव्हतं इतकं गार.

"परत धर," तो म्हणाला. स्वतःचंच बोलणं त्याला वेड्यासारखं वाटलं.

टेल्झेने प्रयत्न केला. बोटं हलली नाहीत. मग तिने डाव्या हाताने त्याचा उजवा हात घेतला, तळव्यात कुलूप ठेवलं, आणि त्याची बोटं कुलपाभोवती एकेक करून मिटली. करंगळी, अंगठा, मग बाकीची. लहान पोराला पेन्सिल धरायला शिकवतात तशी.

त्याने डाव्या हाताने पट्टी लावून बघितली. गाभा हलला नाही. त्याने मूठ जरा सैल केली, तर गाभा किंचित सरकला. त्याने मूठ आवळली.

"इथं नको बसू," टेल्झे म्हणाली. गळ्यातली दोरी काढून तिने त्याच्या गळ्यात घातली. "आत जा. दार लाव. बाहेर आलं तर मी कुठं जाऊ?"

७

हिनर्क आत गेला. डाव्या हाताने किल्ली फिरवून त्याने दार लावलं आणि खुर्चीत बसला.

खोलीत आवाज नव्हता. अंगणात कोणीतरी सायकल लावली, साखळीचा खुळखुळ आला आणि थांबला. मुठीतलं पितळ हळूहळू कोमट होत होतं. हाताची ऊब, दुसरं काय? कदाचित सगळंच हाताचं होतं. पट्टीचा ताण, पिना, सगळं. म्हाताऱ्या नसा. उद्या डॉक्टरकडे जाऊ. डॉक्टर सुईने टोचेल.

खातरी करून घ्यावी म्हणून त्याने मूठ तशीच ठेवून कुलपाचं तोंड खिडकीकडे धरलं आणि किल्लीच्या फटीला डोळा लावला. या असल्या कुलपाच्या पलीकडे काही नसतं. रिकाम्या गाभ्यातून ऊन दिसायला हवं होतं. फट काळी होती.

मग तो काळोख जरासा मागे सरला. किल्लीच्या भोकाला लावलेला डोळा कोणी काढून घ्यावा, तसा. आणि कडेने खिडकीतलं ऊन आत आलं.

हिनर्कने कुलूप मांडीवर ठेवलं. मूठ सोडली नाही.

बाहेर टेल्झेने दार ठोठावलं. "हिनर्क, कॉफी. गार होईल."

"तू पी."

"आत काय करतोस?"

"बसलोय."

"किल्ली लाव की," ती म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, "आत कोण आहे?" आणि मग पावलं वाजवत स्वयंपाकघराकडे गेली. स्वतः काय विचारलं ते ती एव्हाना विसरली असणार. आणखी थोड्या वेळाने ती शेजारणीला बोलावेल. शेजारीण आंट्येला फोन करेल. कोणीतरी दार फोडायला माणसं आणेल. ती आली तर उठून डाव्या हाताने किल्ली लावायची, इतकं सोपं होतं. फक्त तेवढा वेळ एका मुठीचं भान सुटायचं.

तो उठला नाही.

ऊन खिडकीच्या चौकटीपर्यंत सरकलं तेव्हा त्याच्या करंगळीला काहीतरी टेकलं. आतून. टोकदार नव्हतं. ते करंगळीखाली आलं, थोडं थांबलं आणि तिला हलकेच वर उचललं. त्याने ती दाबली. ते मागे सरलं, पुन्हा आलं. करंगळी सरळ झाली ती परत वाकली नाही.

त्याने उरलेली बोटं आवळली आणि वाट बघितली. बराच वेळ काही नाही. मग अंगठ्याखाली चाचपणं सुरू झालं. हात हलका होता. कुठे जोर नव्हता. महिनाभर कोणाकडे तरी नीट बघून शिकलेला.